गेट पडलंय! मिरज–लोंढा मार्गावरच्या बेळगाव पट्ट्यातल्या रेल्वे फाटकांची परीक्षा

बेळगावात "गेट पडलंय" एवढंच सांगितलं की उशिराचं कारण पुन्हा कुणी विचारत नाही. टिळकवाडीचं पहिलं आणि दुसरं गेट, पूल झाला तरी नाव न सुटलेलं तिसरं गेट, दक्षिणेला देसूर, खानापूर, गुंजी, उत्तरेला घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ: जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदत जातात. हॉटेलची किंवा दुकानाची परीक्षा होते तशी या फाटकांचीही व्हायला हवी. फाटक ही रोज वापरायची सेवा आहे, आणि ती नीट वापरली नाही तर त्याची किंमत जिवाची असते.

निकाल आधीच सांगतो. रेल्वेच्या बाजूची यंत्रणा, म्हणजे सिग्नल, कुलूप आणि फोन, यांना मन मोकळं करून चांगले गुण द्यावे लागतात. रस्त्याची बाजू निम्म्या गुणांवर थांबते. आणि दोन दांड्यांच्या मधली जी जागा आहे, तिथे यंत्रणा आंधळी आहे. तिथे फक्त गेटमनचे डोळे आणि तुमची अक्कल चालते. पुढचं सगळं या जागेभोवतीच फिरणार आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. शहरातल्या वर्दळीच्या गेटवर 'इंटरलॉकिंग' असतं. स्टेशन मास्तर फोनवर गाडीची सूचना देतो, सूचना पोचल्याची खूण म्हणून दोघांमध्ये खासगी आकड्याची देवाणघेवाण होते आणि ती वहीत नोंदली जाते. मग गेटमन विंच फिरवून किंवा मोटरचं बटण दाबून दांडे खाली आणतो. दांडे पूर्ण आडवे होऊन कुलपात बसल्याशिवाय गाडीचा सिग्नल लाल सोडत नाही. उलट बाजूनेही तसंच: सिग्नल एकदा दिला की दांडा वर होत नाही. गेटच्याच सिग्नलवर पिवळ्या गोल पाटीत काळं 'जी' हे इंग्रजी अक्षर असतं. तो सिग्नल लाल मिळाला तर ड्रायव्हरला गाडी थांबवून शिटी द्यावी लागते, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबावं लागतं, मग सावकाश फाटकाच्या अलीकडे येऊन गेटमनचा हात बघूनच पुढे जावं लागतं. म्हणजे दांडा अर्धवट राहिला तर गाडी भरधाव आत येईल, अशी रचनाच ठेवलेली नाही. या बाबतीत पूर्ण गुण.

आता लोकांचा मोठा राग: "गाडीचा पत्ता नाही आणि दहा मिनिटं गेट पाडून ठेवलंय." यात गेटमनचा दोष जवळजवळ कधीच नसतो. ताशी १०० किमीने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते, आणि थांबायला तिला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. म्हणून ड्रायव्हरला सिग्नल दुरूनच हिरवा दिसायला हवा, आणि तो दिसण्याआधी गेट कुलपात असायला हवं. तुम्ही गाडीची वाट बघत असता तेव्हा गाडी तुमच्या गेटच्या जोरावर आधीच निर्धास्त पळत असते. त्यात मालगाड्या. सुमारे ७०० मीटर लांबीची मालगाडी ताशी ३० किमीने गेली तर फक्त फाटकावरून सरकायलाच तिला सव्वा मिनिटाच्या वर लागतं. टिळकवाडीची गेटं स्टेशनजवळ असल्यामुळे तिथे गाड्या सुटताना आणि थांबायला येताना हळूच असतात.

दुसरं कारण दुहेरी मार्गाचं. एक गाडी गेली की लोक इंजिन चालू करतात, आणि दांडा मात्र खालीच राहतो. समोरून दुसरी येत असते. एकेरी मार्गाची सवय झालेल्यांना हे अजून अंगवळणी पडलेलं नाही, आणि धोकाही इथेच आहे: पहिल्या गाडीचा शेवटचा डबा सरकला की वाकून पलीकडे जाणारा माणूस दुसऱ्या रुळावरच्या गाडीला आयता सापडतो, कारण जाणाऱ्या गाडीच्या आवाजात येणारी ऐकू येत नाही. विजेच्या इंजिनांची धडधडही डिझेलसारखी लांबून कानावर येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून पुणे–हुबळी वंदे भारत या मार्गावर धावते, २०२५ च्या ऑगस्टपासून बेळगाव–बेंगळुरूही. कानावर विसंबून रूळ ओलांडायचे दिवस संपले.

"दोन मिनिटं उघडा हो, पेशंट आहे" ही विनंतीही समजून घेतली पाहिजे. सिग्नल दिलेला असताना गेटमनला मनात आलं म्हणून दांडा उचलता येत नाही. सिग्नल परत लाल केला तरी जवळ येणाऱ्या गाडीच्या हिशेबाने ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो, तोवर कुलूप सुटत नाही. रुग्णवाहिका चालवणाऱ्यांनी म्हणूनच गेटच्या भरवशावर मार्ग आखू नये. पहिल्या गेटकडे निघाला असाल तर गोगटे सर्कलचा पूल, दुसऱ्याकडे निघाला असाल तर तिसऱ्या गेटचा पूल, शहराच्या जुन्या भागात कपिलेश्वर किंवा जुना धारवाड रोडचा पूल. अंतर थोडं वाढेल, पण वेळेचा भरवसा राहील.

आता त्या आंधळ्या जागेकडे. इंटरलॉकिंगला दांडा खाली आहे की नाही एवढंच कळतं. दोन दांड्यांच्या मध्ये कार बंद पडली आहे, म्हैस उभी आहे की उसाची मोळी पडली आहे, हे त्याला कळत नाही. रस्ता मोकळा झाला का, हे गेटमन डोळ्यांनी बघतो आणि मगच कुलूप घालतो. रात्री, पावसात, समोर हॉर्नचा गोंगाट असताना हेच काम तो करत असतो.

आणि त्याचं काम आपण सगळ्यात अवघड कसं करतो, तर उजव्या बाजूने पुढे घुसून. गेट पडलं की आधी डावी रांग लागते. मग दुचाक्या उजवीकडून पुढे जातात, त्यांच्या मागे रिक्षा, मग एखादी कार. पलीकडेही तेच. दांडा वर गेला की दोन्ही बाजूंचा अख्खा रस्ता समोरासमोर येतो आणि गाठ बसते ती नेमकी रुळांवर. आतली गाडी पुढे जाऊ शकत नाही, मागे सरकू शकत नाही. पुढच्या गाडीसाठी गेट पाडायचं तर आतली वाहनं निघायला हवीत. ती निघत नाहीत, म्हणून सिग्नल लाल राहतो, रेल्वेगाडी बाहेर ताटकळते, तिच्या मागची ताटकळते, आणि पुढच्या वेळी गेट आणखी जास्त वेळ पडून राहतं. गेट लांबतं म्हणून घुसायचं, आणि घुसतो म्हणून गेट लांबतं.

टिळकवाडीत यात आणखी एक भर आहे. काँग्रेस रोड रुळाला समांतर, अगदी लागून जातो. त्यामुळे गेटसमोर रांगेला जागाच नाही. पाच-सात वाहनं उभी राहिली की शेपूट काँग्रेस रोडवर वळतं, आणि ज्यांना गेटशी देणंघेणं नाही तेही अडकतात. दांडा उघडल्यावर पलीकडची वाहनं काँग्रेस रोडवर वळायला थांबतात आणि त्यांची रांग उलट रुळांपर्यंत येते. शाळा-कॉलेज सुटायच्या वेळी हे हमखास होतं. इथे एकच नियम पाळायचा: पलीकडच्या दांड्यापुढे तुमच्या वाहनाची पूर्ण लांबी मावेल एवढी जागा मोकळी दिसल्याशिवाय अलीकडचा दांडा ओलांडायचा नाही. मागचा हॉर्न मारेल. मारू दे.

ओलांडण्याची पद्धत तशी साधी आहे. रस्त्यावरच्या त्रिकोणी पाट्यांपासून सुरुवात करा: खाली दोन आडव्या पट्ट्या म्हणजे फाटक सुमारे २०० मीटरवर, एक पट्टी म्हणजे ५० ते १०० मीटरवर. दोन पट्ट्या दिसल्या की वेग उतरवा आणि ओव्हरटेक विसरा. काच खाली, गाणी बंद. पहिला गिअर टाकून चढा आणि रूळ पूर्ण संपेपर्यंत गिअर बदलू नका. रुळांवर क्लच दाबला आणि इंजिन मेलं, हा गाडी बंद पडण्याचा सगळ्यात सामान्य प्रकार आहे. फाटकाजवळ रस्ता बहुतेक ठिकाणी चढा असतो, म्हणून अर्ध्या क्लचवर लटकत उभं राहू नका. हँडब्रेक लावा आणि जागा झाली की एका दमात निघा.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. रुळाच्या आतल्या बाजूला चेक रेल, म्हणजे त्याला समांतर बसवलेला दुसरा रूळ असतो, आणि दोघांमध्ये चाकाच्या कडेसाठी फट ठेवावी लागते, किमान ५१ मिमीची. सायकलचं चाक तिच्यात सहज बसतं. रूळ तिरपा छेदला तर फट हँडल ओढून घेते. पुढचं चाक रुळाशी काटकोनात आणा, ब्रेक रुळाच्या आधीच मारून सोडून द्या, आणि रुळांवर हँडल वळवू नका. जून ते सप्टेंबर, खानापूरकडच्या पावसात, ओला रूळ तेल लावल्यासारखा निसरडा होतो. रस्त्याची बाजू निम्म्या गुणांवर थांबते ती इथेच: रूळ आणि डांबर यांची पातळी पावसाळ्यात तुटते, खडी वर येते, आणि दुचाकीवाला खड्डा चुकवायला नेमका रुळांवरच वळतो. रूळ दुरुस्त केल्यानंतर रस्ता त्याच दिवशी पूर्ववत झाला पाहिजे, आठवड्याने नाही.

दांड्याखालून स्कूटर वाकवून नेणं हा शहरात धाडसाचा नव्हे, सवयीचा प्रकार झाला आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० नुसार बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि फाटक मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दांड्याला धडक बसून तो वाकला की कुलूप लागत नाही, कुलूप नाही तर सिग्नल नाही. गेटमनला आडवा सरकवायचा राखीव दांडा किंवा साखळी लावून काम भागवावं लागतं. एका रिक्षाची घाई अशी चार गाड्यांच्या वेळापत्रकात उतरते.

आता उत्तरेकडे, ऊसपट्ट्यात. गळीत हंगामात रायबाग, कुडची, उगारच्या बाजूला फाटकाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. त्याचा हिशेब मांडून बघा. दोन दांड्यांतलं अंतर २० मीटर धरलं, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून १८ मीटर धरले, तर पुढचं चाक आत गेल्यापासून मागची ट्रॉली बाहेर पडेपर्यंत ३८ मीटर चालायला हवेत. चढावर भरल्या ट्रॉल्यांचा वेग ताशी ५ किमी. म्हणजे २७ सेकंद. तेच फाटक ४ मीटरची कार ताशी १५ किमीने सहा सेकंदांत ओलांडते. गेट पडायची घंटा वाजत असताना कारवाला "निघतो की" म्हणतो ते चूकच, पण ट्रॅक्टरवाल्याने म्हणणं म्हणजे मागची ट्रॉली रुळांवर ठेवून जाणं.

ट्रॉली आत का अडकते, याची कारणं ठरलेली आहेत. एक, दोन ट्रॉल्यांमधली हुकाची पिन: झिजलेली किंवा तिच्या जागी घातलेली सळई. रुळावर पुढचं चाक वर आणि मागचं खाली होताना हुकाला झटका बसतो आणि पिन निसटते. पिन मापाची हवी, खाली तिला क्लिप हवी, आणि शिवाय सुटी साखळी हवी. दोन, जास्त भारामुळे पुढची चाकं हलकी होणं, स्टिअरिंग न ऐकणं. तीन, टायर. गुळगुळीत टायर चेक रेलच्या कडेला फाटतो. चार, चढावर चुकीचा गिअर. फाटकाच्या अलीकडे पूर्ण थांबा, खालचा गिअर टाका, मागच्या ट्रॉलीजवळ माणूस उतरवा, तो पलीकडे पोचल्याची हाक देईपर्यंत दुसऱ्या वाहनाला जागा सोडू नका. ऊस रुळात पडला तर तो उचलणं तुमचं काम: फटीत ठेचून बसलेला ऊस चाकाला वर उचलू शकतो. आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नसेल तर रात्री रांगेत उभी ट्रॉली ही दुसऱ्या अपघाताची तयारी असते.

उंचीचं गणित वेगळं. मार्गावर २५,००० व्होल्टची तार आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली लोखंडी चौकट, म्हणजे हाइट गेज, ४.६७ मीटरवर असते. तार फाटकावर किमान ५.५० मीटरवर ठेवतात. ही मधली जागा अंतर राखण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही. या विजेला स्पर्श लागत नाही, जवळ गेलं तरी ती झेप घेते. तारेपासून दोन मीटरच्या आत काहीही जाता कामा नये. म्हणून भरलेल्या उसावर, कडब्यावर किंवा ट्रकच्या टपावर बसून फाटक ओलांडायचं नाही. चौकटीला भार घासला तर काठीने वर ढकलून पुढे काढणारे लोक आहेत. तसं करायचं नाही, ओल्या काठीने तर मुळीच नाही. मागे घ्या, भार उतरवा, पुन्हा रचा. गणपतीच्या दिवसांतही हाच आकडा लक्षात ठेवा: गाड्याची उंची, त्यावरची मूर्ती, तिच्यावरची सजावट, सगळं धरून जमिनीपासून मोजा, आणि मोजमाप मूर्ती ठरवण्याआधी करा. मिरवणुकीच्या रात्री बांबूने तार उचलता येत नाही.

वाहन रुळांवर अडकलंच तर क्रम असा. आधी माणसं बाहेर, सामान नाही. लगेच गेटमनला हाक, कारण सिग्नल लाल करणं त्याच्या हातात आहे आणि ते सगळ्यात जलद आहे. मग वाहन न्यूट्रल करून ढकला. ऑटोमॅटिक गाडीत 'पी'वरून 'एन'वर न आणता ढकलण्यात वेळ दवडू नका. गाडी येताना दिसली की वाहन सोडा आणि रुळापासून लांब, पण गाडी येते त्या दिशेला तिरपं पळा, कारण धडकेने उडालेले तुकडे गाडी जाते त्या दिशेला फेकले जातात. इकडे गेटमनकडे लाल झेंडे, हातदिवा आणि पटाखे, म्हणजे चाक वरून गेलं की मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करणाऱ्या डब्या, असतात. तो एक पटाखा ६०० मीटरवर आणि तीन पटाखे १२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने रुळावर बांधतो. दुहेरी मार्गावर हे दोन्ही बाजूंना करायचं असतं आणि तो एकटा असतो. म्हणून एकाने दुसऱ्या दिशेला धावावं. लाल कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरणं, रात्री कोणताही दिवा जोरात आडवा हलवणं, हा ड्रायव्हरला कळणारा धोक्याचा इशारा आहे. मोबाईलचा टॉर्चही चालेल.

गावाकडच्या कमी वर्दळीच्या गेटबद्दल दोन शब्द. ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची फाटकं जानेवारी २०१९ अखेर देशभरात संपली, ही मोठी गोष्ट झाली. पण माणूस असलेलं प्रत्येक गेट इंटरलॉक असतंच असं नाही. जिथे नाही तिथे सगळा भार फोन आणि वहीवर असतो. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन गाडीखाली आली आणि तीन विद्यार्थी गेले, ते अशाच इंटरलॉक नसलेल्या गेटवर. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगचा उंबरठा २० हजार टीव्हीयूवरून १० हजारांवर आणायचं आणि गेटांवर सीसीटीव्ही बसवायचं ठरवलं. टीव्हीयू म्हणजे दिवसातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांचे एकक: मोटर किंवा बैलगाडीचा एक, रिक्षाचा अर्धा. ४० गाड्या आणि ५०० एकक म्हणजे २० हजार. आपल्या गावच्या गेटवर हा हिशेब ग्रामपंचायतीला सहज मांडता येतो, आणि मागणी करायची तर गळीत हंगामातला आकडा धरून करावी, कारण मे महिन्यात मोजलं तर तेच गेट रिकामं दिसतं.

अशा गेटवर दांडा उघडा दिसला तरी थांबून दोन्हीकडे बघा. 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी फाटकापासून ६०० मीटरवर असते, ड्रायव्हर तिथून शिटी देतो. ताशी १०० किमीला ते ६०० मीटर २२ सेकंदांत संपतात. दोन ट्रॉल्यांना लागणाऱ्या २७ सेकंदांशी ते ताडून बघा.

पुलांचं कौतुक करायलाच हवं. गोगटे सर्कल, कपिलेश्वर, जुना धारवाड रोड आणि तिसरं गेट, या चार पुलांनी शहराची गाठ बरीच सोडवली. एक उणीव मात्र सगळीकडे सारखी: चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला पूल लांबचा वाटतो, म्हणून तो खालून रूळच ओलांडतो. पुलाबरोबर जिना आणि खालून पायवाट दिली नाही, तर गेट जातं आणि धोका तिथेच राहतो.

जाता-येता एक काम करून ठेवा. प्रत्येक फाटकाला क्रमांक असतो, गेटमनच्या खोलीजवळ तो किलोमीटरसह लिहिलेला असतो. रोजच्या वाटेवरच्या गेटचा तो आकडा मोबाईलमध्ये नोंदवा. दांडा वाकलेला, चौकट सरकलेली किंवा रुळात काही अडकलेलं दिसलं आणि गेटमन हाकेच्या टप्प्यात नसला, तर १३९ वर "टिळकवाडीचं गेट" म्हणण्यापेक्षा तो आकडा सांगा.